चौथी जागा आणि गॅलरीतलं गाणं

बाळाचे लहान झालेले कपडे जसे घरात साठत जातात, तसे आमच्या निवड समितीचे किस्से माझ्याकडे साठलेत. द्यायचे म्हटलं तर मापाचं कुणी सापडत नाही, आणि टाकवत तर नाहीतच. परवा नवऱ्याला एक सांगायला घेतला, तर तो म्हणाला, "हा झालाय." मग म्हटलं, लिहूनच काढावेत.

समिती म्हणजे फार मोठं काही नाही. लालबागच्या आमच्या क्रीडा मंडळाची कॉलेजांची फुटबॉल स्पर्धा असते. संघ बारा-तेरा, मैदान एकच, तेही रविवारी मिळालं तर. त्यामुळे सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. कुणाच्या वाट्याला सगळे तगडे संघ येतात, कुणाच्या वाट्याला लिंबूटिंबू. नुसते गुण मोजून न्याय होत नाही. म्हणून साखळी सामने संपले की चौघांनी बसून ठरवायचं, बाद फेरीत कोणते चार संघ जाणार. पहिले तीन चहा येईपर्यंत ठरतात. भांडण चौथ्या जागेचं. तिच्यासाठी खोलीत बसलेल्या सगळ्यांचं एकमत लागतं. नाही झालं, तर ज्याचे गुण जास्त तो संघ आत.

चौघं म्हणजे अध्यक्ष सावंत सर, शाळेतून निवृत्त झालेले पी.टी.चे शिक्षक आणि नियमाला पक्के. कांबळे काका, जुने रेफरी. वरळी कोळीवाड्याचे पाटील मामा, एके काळचे गोलकीपर, एक गुडघा त्याच नादात गेलेला. आणि मी. मामांचा मुलगा राकेश घोडपदेवच्या एका छोट्या कॉलेजचा कोच. त्याच्या संघाला चौथी जागा कधीच मिळाली नव्हती. एवढं लक्षात असू द्या.

*

मी समितीत कशी आले हे मलाही नीट कळलेलं नाही. कॉलेजात मी लेफ्ट बॅक खेळायचे, आणि मंडळाला समितीत एक बाई हवी होती, इतकंच. मी खरं तर नकार द्यायला गेले होते. ओवी तेव्हा चार महिन्यांची. एका खांद्यावर ती, दुसऱ्यावर बॅग. बॅगेत दुपटी, डायपर, थर्मामीटर, तापाचं औषध, आणि ती बाटली फुटली तर म्हणून त्याच औषधाची दुसरी बाटली.

"सर, मला नाही जमणार. मला आज भाजी कुठली करायची ते ठरवता येत नाही."

सरांनी बॅगेत डोकावून पाहिलं. "बस," ते म्हणाले. "इतक्या तयारीने आजवर एकही संघ मैदानावर आलेला नाही."

*

बैठक चाळीत, तिसऱ्या मजल्यावर मंडळाच्या खोलीत व्हायची. नियम असा, की ज्याचं कुणी एखाद्या संघात असेल, त्याने त्या संघाची चर्चा चालू असेपर्यंत बाहेर गॅलरीत जायचं. नियम चांगला. पण गॅलरी आणि खोली यांच्यामध्ये एक खिडकी होती, आणि तिची दारं केव्हाच निखळलेली.

एकदा कांबळे काकांच्या पुतण्याचा संघ चर्चेला आला. काका बाहेर गेले. आत सर म्हणाले, "यांचा दुसरा गोल मला ऑफसाइड वाटला."

खिडकीतून काकांचं डोकं आत आलं. "नव्हता ऑफसाइड. मी रेफरी होतो."

"पुतण्याच्या मॅचला तुम्ही रेफरी?"

डोकं बाहेर गेलं.

त्याच दिवशी सरांनी पोटनियम काढला. बाहेर गेलेल्याने मोठ्याने गायचं. गाणं चालू म्हणजे कान बंद. गाणं थांबलं की आतली चर्चा थांबणार, निर्णय होणार नाही.

काका भीमगीत म्हणायला लागले की आम्ही चर्चा सोडून ऐकत बसायचो. समोरच्या चाळीतून फर्माइशी यायच्या. मामांच्या गाण्याने उलटं व्हायचं, निर्णय पटापट लागायचे.

माझ्या कॉलेजची पाळी आली तेव्हा मला एकही गाणं आठवेना. शेवटी ओवीसाठी मीच जुळवलेली अंगाई सुरू केली. "भात निजला, वरण निजलं, ओवीच तेवढी जागी." ओवीवर या अंगाईचा आजवर काही परिणाम झालेला नाही. पण घसा सुकल्यावर खिडकीतून बघते, तर कांबळे काका खुर्चीत घोरत होते.

"काय ठरलं, सर?"

"एक सदस्य झोपलेत. तू दुसरं काहीतरी गा."

*

एका वर्षी मी एक्सेल शीट केली. आपण समितीत आहोत तर काहीतरी उपयोग दाखवावा, ही माझी जुनी धास्ती. ओवीच्या झोपेच्या वेळात बसून मी कुणी कुणाला हरवलं, किती गोल, समोरचा संघ किती तगडा, सगळ्याला वजन दिलं आणि बैठकीत ऐटीत लॅपटॉप उघडला. पहिल्या नंबरावर परळचं एक कॉलेज आलं.

सरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "वैशाली, यांनी या वर्षी संघच उतरवला नव्हता."

"एकही पराभव नाही ना," मी पुटपुटले, "म्हणून वर गेले असतील."

"न खेळता अपराजित," कांबळे काका म्हणाले. "लग्नाआधी मी असाच होतो."

*

पाटील मामांना शीट वगैरे लागायचीच नाही. त्यांची पद्धत एकच. बॉल पलीकडच्या गोलपाशी असताना अलीकडचा गोली काय करतो, ते बघायचं. "हाताची घडी घालून उभा असेल तर संघ कच्चा. ओरडून ओरडून बॅकना जागा सांगत असेल, तर डोळे झाकून घ्या."

एका वर्षी आम्ही मामांच्या शब्दावर दादरचा एक संघ घेतला. त्यांचा गोली इतका बोलायचा की रेफरीने दोनदा समज दिली होती. बाद फेरीत त्यांनी सहा गोल खाल्ले. परतताना न राहवून सर म्हणाले, "पाटील, सहा?"

"सहावा आत गेला तेव्हासुद्धा बोलतच होता," मामा म्हणाले. "तुमचं लक्ष नव्हतं."

*

राकेशचा संघ दोन वर्षं लागोपाठ पाचवा आला. पाचवा म्हणजे दाराशी येऊन परत. त्याची मुलं दिवसा कुठे कुठे कामं करून कॉलेजला यायची, बूट एकमेकांचे घालून खेळायची, आणि गाठ पडायची ती मोठ्या कॉलेजांशी.

दुसऱ्या वर्षी यादी खाली फळ्यावर लागली आणि राकेश जिना चढून वर आला. "बाबा, पुन्हा पाचवे? तुम्ही आत काहीच बोलला नाहीत?"

मामांनी कप खाली ठेवला. "मी गात होतो."

राकेश म्हणाला, "मग निदान सुरात तरी गायचं."

सगळे हसले, मामाही. पण नंतर ते कठडा धरून जिना उतरत होते, तेव्हा मी ओवीचं टोपडं शोधण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळले. त्यांच्या बरोबरीने उतरायची माझी हिंमत झाली नाही.

*

ती चाळ आता पाडलीय. ओवी शाळेत जाते. बैठक फोनवर होते. बाहेर काढायचं असेल तर सर आपल्याला कॉलमधून काढतात आणि मग परत घेतात. काम पटकन होतं, कुणाला गावं लागत नाही. परवा मला काढलं, तर सवयीने मी स्वयंपाकघरात गुणगुणत उभी राहिले.

त्या खोलीतली शेवटची बैठक मात्र सांगायलाच हवी.

त्या वर्षी राकेशच्या कॉलेजने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, बाद फेरीत आलात तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी फुटबॉल बंद. हे आम्हाला मामांनी सांगितलं नाही, खालच्या चहावाल्याने सांगितलं.

रविवारची दुपार होती. पहिले तीन संघ झाले आणि मामा न सांगताच उठले. ओवीला दोन दिवस ताप होता, ती किरकिरत होती. "आण तिला इकडं," म्हणत मामांनी तिला खांद्यावर टाकलं आणि गॅलरीत जाऊन गायला लागले.

"एक गुण कमी आहे," सर म्हणाले.

"कुणाशी खेळून कमी आहे ते बघा ना," कांबळे काका म्हणाले. "दोन तगड्या संघांना बरोबरीत रोखलंय पोरांनी. तू बोल, वैशाली."

माझा सहसा कुठल्याच गोष्टीवर विश्वास बसत नाही, माझ्या मतावर तर नाहीच. पण ते सामने मी पाहिले होते. "मला वाटतं, घ्यावा."

"मलाही तसंच वाटतं," सर म्हणाले. "पण गुण कमी असताना घेतला, तर उद्या लोक म्हणतील मामांचा मुलगा म्हणून घेतला. मामांनी इतकी वर्षं उन्हात उभं राहून गायलं, ते फुकट जाईल. माझा होकार नाही."

म्हणजे एकमत नाही. म्हणजे संपलं.

तेवढ्यात बाहेरचं गाणं थांबलं.

"चर्चा बंद," सर म्हणाले.

मी गॅलरीत गेले. ओवी मामांच्या खांद्यावर गाढ झोपली होती. दोन दिवसांत पहिल्यांदा. मी हात पुढे केला तर मामा एक पाऊल मागे सरकले. "उठेल," ते कुजबुजले. "आता कसा गाऊ?" गुडघा असा, की तिला घेऊन जिना उतरणंही शक्य नव्हतं.

मी आत येऊन सांगितलं.

"खिडकीला चादर लावू या," काका म्हणाले.

"चादरीने आवाज अडतो का, कांबळे?"

 सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, खुर्ची मागे सारली आणि उठले. "मामांना ऐकू जाऊ नये, हा नियमाचा हेतू. कुणीही गायलं तरी चालेल." आणि ते बाहेर गेले.

जन्मभर 'सावधान, विश्राम' करणारा तो आवाज मामांच्या कानाशी अगदी हळू सुरू झाला. "भात निजला, वरण निजलं..."

काकांनी खोलीभर नजर फिरवली. "आत कोण कोण आहे?"

"तुम्ही आणि मी."

"मग हात वर कर लवकर," काका कुजबुजले. "सरांना एवढंच कडवं येतंय."