गादीखालची घोंगडी

पाटोद्याजवळच्या डोंगरात यादवांच्या काळातला एक मठ आहे. दरवर्षी मेंढरं कातरली की आमच्या घरची पहिली घोंगडी त्या मठाला जाते. आई लोकर कातायची, आप्पा विणायचे, आणि दारातल्या सेवेकऱ्याच्या हाती देऊन पाठमोरे व्हायचे. उंबऱ्याच्या आत आमच्यातलं कुणी कधी गेलं नव्हतं. गेल्या वर्षी आप्पा म्हणाले, "आपली घोंगडी आत कुटं ठिवत्यात, ते एकदा बगायचंय मला." मी बीडला क्लासमध्ये इतिहास शिकवते. म्हटलं, चला, मीच दाखवते.

दारातच सेवेकऱ्यानं आप्पांच्या खांद्यावरच्या रोजच्या घोंगडीकडं बोट केलं. "ही भायेर ठिवा. आत वास येतोय."

आणि मी, शिकलेली शहाणी, हळूच म्हणाले, "ठिवा की, आप्पा." त्यांनी घोंगडी घडी करून पायरीवर ठेवली. लेकीनंच सांगितल्यावर माणूस काय बोलणार? त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

आत माहिती सांगणारे गुरुजी होते. कमान कुठल्या राजाची, जमीन कुठल्या सनदेची, सगळं तोंडपाठ. मग मठाधिपतींची गादी दाखवली. वर लाल मखमल. आप्पा वाकले आणि तिचा कोपरा त्यांनी उचलला.

खाली काळी घोंगडी होती. काठाला आप्पांच्या नेहमीच्या दोन पांढऱ्या रेघा.

"परवाच्या सालची हाय," आप्पा म्हणाले. "चिंचोक्याची खळ जरा जास्तच झालती हिला. बग कशी ताठ हाय."

मी गुरुजींना विचारलं, "हिचा इतिहास सांगा की."

"तिचा कसला इतिहास? अंथरायची रीत आहे, एवढंच."

माझं टाळकंच सरकलं. राजांची नावं पाठ करून घेण्यात माझी निम्मी हयात गेली, आणि ज्याच्या विणलेल्यावर गादी टेकली त्याला मीच दारात सोलून आत आणलं होतं. तरातरा बाहेर गेले, पायरीवरची घोंगडी उचलली आणि आत येऊन सगळ्यांदेखत आप्पांच्या खांद्यावर टाकली.

सेवेकरी धावत आला. "ताई, वास—"

"येणारच. मेंढराचा हाय. काढायची आसंल तर आदी गादीखालची काढा."

आप्पा घोंगडी सावरून खांबाला टेकून बसले.

"हां, सांगा आता म्होरं," ते गुरुजींना म्हणाले. "कोणत्या राजानं बांधलं म्हणलात?"