आईच्या पायाखालचा तळहात

तारिहाळच्या त्या मिस्त्रींचं नाव विचारायचं राहूनच गेलं. वडिलांच्या वेळची आमची मोठी गाडी शेताच्या वाटेवर दगडांना पोट घासायची, म्हणून स्प्रिंगा बदलून ती उंच करायला मी त्यांच्याकडे टाकली होती. बोलताना ते समोरच्याकडे बघतच नसत. टायरवर हात ठेवून टायरशीच बोलल्यासारखे बोलत. "न्यायला येताना घरचे सगळे घेऊन या," एवढंच म्हणाले. वजन टाकून बघणार असतील, असं मला वाटलं.

गाडी झकास उंच झाली होती. पण आई दारापाशी गेली आणि थांबली. तिच्या गुडघ्यांना ती उंची झेपेना. "तुम्ही जात जा रे शेताला, मी आपली घरी राहीन," ती हसून म्हणाली.

मिस्त्री तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तिच्या पावलाखाली तळहात धरून तो सावकाश वर नेऊ लागले. "दुखलं की सांगा, अक्का," ते पावलाकडेच बघत म्हणाले. ती मान हलवत नाही-नाही करत राहिली. पण तिच्या कपाळावर आठी पडली, तिथे हात थांबला आणि बोटभर खाली आला.

हाताला पाय लागला म्हणून ओशाळून आई नमस्कार करू लागली. तेव्हा पहिल्यांदाच ते माणसाकडे बघून बोलले, "राहू द्या हो. एरवी या हाताला ग्रीसच लागतंय की."

त्याच उंचीवर त्यांनी लोखंडी पायरी जोडून दिली. आता शेताला निघताना सगळ्यांच्या आधी आई गाडीत बसते. पायरीवर पाय मात्र चप्पल काढूनच ठेवते.