दोन मशिनींचा कोयता

घरचा माणूस आत मशीनवर पडलाय आणि बाहेर डॉक्टर सही मागतोय, अशा वेळी तुम्ही आधी कोणाकडं बघता? घरातल्या थोरल्या पुरुषाकडं. उगं नाही म्हणू नका. शिरूर कासार तालुक्यातल्या बबिताच्या वेळीही सगळ्यांनी तिच्या थोरल्या दिराकडं, धुळाजीकडंच बघितलं. नवरा तिचा होता, तरी.

बबिता ऊसतोडीची बाई. लग्न झालं त्या सालापासून दिवाळी सरली की ती आणि तिचा नवरा बजरंग कारखान्याच्या गाडीत बसायचे. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यानं तोडायचं, तिनं गोळा करून मोळी बांधायची आणि डोक्यावरून गाडीपाशी न्यायची. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला मुकादम दारात उभं करत नाही. बजरंगचा हात असा चलाख, की टोळीतल्या बाया चिडवायच्या, "तुजा दादला माणूस हाय का मशीन, बये?"

"मशीनच हाय," बबिता म्हणायची, "पर तेल मलाच घालावं लागतं."

यंदा टोळी निघायच्या आधीच, घरी, सकाळी बजरंगच्या छातीत कळ आली. बबिता दवाखान्यात चला म्हणाली. धुळाजी म्हणाला, "पित्त हाय, सोडा पाज." आधी सोडा, मग गावातल्या डॉक्टराची गॅसची सुई. सदरा घामानं भिजला, ओठ काळे पडले, तेव्हा कुठं जीप निघाली. बीडला ईसीजीची पट्टी काढली तर हृदयाचा झटका येऊन गेलेला. तिथनं त्याला मोठ्या शहरातल्या ट्रस्टच्या दवाखान्यात हलवलं.

तिथं बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली, पण हृदयाचा मोठा भाग गारद झालता. ठोका पडायचा, रक्त पुढं जायचं नाही. लघवी बंद, हातपाय गार. डॉक्टर ह्याला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. म्हणून एक्मो लावलं. ते मशीन अंगातलं रक्त बाहेर घेतं, त्यात प्राणवायू मिसळतं आणि पंपानं परत आत ढकलतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर ऋतुजा बाहेर आल्या आणि म्हणाल्या, अजून एक मशीन लावावं लागेल. बारीक पंप, मांडीतल्या रक्तवाहिनीतनं थेट हृदयात.

धुळाजी उखडला. भांडण पैशाचं नव्हतं, तो भार ट्रस्टनं उचलला होता.

"एक मशीन चालंना म्हणून दुसरं? म्हणजे आटपलं की! कावून हाल करता त्याचे? जीव हाय तवर उंबऱ्याच्या आत नेऊ द्या."

थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची रीत त्यांच्या घरात नाही. बबितानं पदर ओढला आणि भिंतीकडं तोंड करून बोलली.

"मॅडम, भाऊजींना सांगा, मला आधी इचारायचंय."

"मॅडम, तिला सांगा, बायांनी मधी पडू न्हाई."

"मॅडम, त्यांना सांगा, सोड्याची बाटली त्यांनीच आणलती."

बाकड्यावरचं कोणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरबाई सरळ बबितापुढं येऊन उभ्या राहिल्या. "विचारा, काय विचारायचंय ते."

"पैलं मशीन बिगडलं का?"

"नाही, ते नीट चालतंय. पण ते रक्त ढकलतं उलट्या दिशेनं. त्या जोरापुढं कमजोर हृदयाला आपल्यातलं रक्त बाहेर टाकता येईना. डावा कप्पा तुंबलाय, फुप्फुसात पाणी चढतंय. हा छोटा पंप त्या कप्प्यातलं रक्त उपसून पुढं टाकेल. दोन्ही मिळून चालली, तर हृदयाला विसावा मिळेल."

बबितानं ते आपल्या भाषेत फिरवलं.

"म्हणजे एकजण तोडायलाय, आन् उचलायला कोणीच न्हाई. उसाच्या फडात पाय ठिवायला जागा उरली न्हाई."

डॉक्टरबाईंना फड कळला नाही. धुळाजीला कळला. जन्म तोडीत गेलता त्याचा. "अर्धा कोयता," तो स्वतःशीच पुटपुटला.

"हमी हाय का, मॅडम?" बबितानं विचारलं.

"हमी नाही. रक्तस्राव होऊ शकतो, पायाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. पण नाही लावलं, तर फुप्फुसं भरत जातील."

बबितानं भिंतीकडची मान फिरवली. दिरादेखत, तोंड वर करून म्हणाली, "लावा." आणि सही तिनंच केली.

फुप्फुसातलं पाणी उतरलं. हृदयानं हळूहळू जोर धरला. आधी मोठं मशीन निघालं, मागनं छोटं. पायाची दोन बोटं काळी पडली, ती काढावी लागली. बजरंग लंगडत का होईना, आपल्या पायानं घरात आला.

तो आता ऊस तोडू शकत नाही. मुकादम येऊन बघून गेला, बबिताला एकटीला घेतलं नाही. ती गावातच दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचते आणि बजरंग घरी भाकरी थापतो. एकही भाकर गोल होत नाही, पण बबिता हूं की चूं न करता खाते.

धुळाजी रोज येतो. भावजयीशी अजूनही सरळ बोलत नाही.

"बजरंगा, तिला सांग, चहा टाक."

"त्यांना सांगा, कवाच टाकलाय."

तुमच्यावर अशी पाळी येऊ नये. आलीच, आणि डॉक्टर सही मागायला बाहेर आले, तर मागं भिंतीला टेकून एक बाई उभी असेल. तिला पुढं बोलवा, आणि तुम्ही तोंड उघडायच्या आधी तिचं ऐका.