उस्मानभाईंना माती दिली तो शुक्रवार

१९४४, पावसाळा नुकताच सरला होता. शुक्रवार. लोणावळ्याच्या कब्रस्तानात हजर : उस्मानभाईंचा मुलगा रशीद, वखारीतला हमीद, टाकव्याचे शेतकरी धोंडिबा आबा आणि मी. खांद्यापुरते चौघे. ज्यांच्या घरच्या मयतांना उस्मानभाईंनी शेवटची आंघोळ घातली, ती माणसं दुकानांच्या फळ्यांआडून बघत होती...

आमच्या लहानपणी पंथ दोन असले तरी मशीद एकच होती. पैगंबरांच्या जन्माच्या मौलूदात सलाम पढताना उभं राहावं, असं बरेलवी म्हणत. ही मागाहून शिरलेली रीत आहे, असं देवबंदी म्हणत. दर्ग्यावरच्या चादरीवरूनही वाद होई, पण तो उस्मानभाईंच्या चहाच्या दुकानात, एका बशीतली खारी खात. त्यांचा थोरला भाऊ कासम देवबंदी झाला तेव्हा बरेलवी उस्मानभाई त्याला म्हणाले, "तू बस, मी उभा ऱ्हातो. शिरणी वाटताना दोघंबी म्होरं!"

मग दोन्हीकडे बाहेरून मौलवी आले. मशिदी दोन झाल्या, मयतांच्या नावाने पढलेल्या फातिहाची ताटं परत जाऊ लागली, सलाम-दुआ तुटली, आणि शेवटी दोन्ही बाजू एकमेकांना काफिर म्हणू लागल्या. उस्मानभाई मात्र दोन्हीकडच्या मयतांना आंघोळ घालत राहिले. गेल्या वर्षी कासमभाई वारले. उस्मानभाईंनी त्यांना आंघोळ घातली आणि देवबंदी इमामामागे जनाज्याच्या नमाजला उभे राहिले.

आमच्या बरेलवी मौलवींनी फतवा दिला : ईमान गेलं, निकाह तुटला, नव्याने कलमा पढा, नव्याने निकाह लावा. निरोप घेऊन आलेल्या माणसाला उस्मानभाईंच्या पत्नी झुलेखाभाभी आतून म्हणाल्या, "लय वर्सांनी सुटले म्हनायची, तर पुन्ना बांधता व्हय?" सगळे हसले. उस्मानभाई हसले नाहीत. "भावाला माती दिली. त्याची तौबा न्हाई करनार."

गिऱ्हाईक तुटलं. वर्षाच्या आत उस्मानभाईही गेले. आमचे मौलवी म्हणाले, "नमाज नाही." देवबंदी इमाम म्हणाले, "चादरी चढवणारा तुमचा माणूस, तुम्ही बघा." भाभी पुन्हा पुन्हा दारात येऊन विचारत होत्या, "आलं का कुनी?" आंघोळ कशी घालायची ते आम्ही एकमेकांना विचारत होतो. नमाज रशीदने पढवली, मध्येच अडखळला...

पुढच्या शुक्रवारी रशीद आणि हमीद यांचेही निकाह तुटल्याचं जाहीर झालं. मी विधुर, माझं तुटायला काही नव्हतं. रशीदची मुलगी लग्नाची. त्याने भरल्या मशिदीत सांगितलं, बाप गुमराह होता. आणि निकाह नव्याने लावला. भाभींना इद्दत, विधवेने घरात बसून काढायचे दिवस, पाळू नका असा निरोप आला. निकाहच उरला नव्हता, तर विधवा कशाच्या? त्या तरीही घरात बसून आहेत.

चाळिसाव्याची फातिहा मी पढतो म्हटलं. भाभी म्हणाल्या, "न्हाई भाऊ. मशिदीतलाच मानूस आना. चोरून न्हाई पढायची." देवबंदी ही फातिहाच मानत नाहीत, आमचे मौलवी या माणसाची पढत नाहीत. चाळिसावा होऊन गेला. फातिहा राहिली आहे. उद्या पुन्हा माणूस मागायला मशिदीत जायचं आहे.