उकळलेलं पाणी आणि आखडलेली मान

डॉक्टरांनी माझ्या हाताचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि विचारलं, "आजी, पाणी कुठलं पिता?"

मी गुडघे, पाठ आणि मान दाखवायला गेले होते. मनात म्हटलं, पोरगं नवीन दिसतंय. ऐटीत सांगितलं, "घरच्या बोअरचं. तेही रोज उकळून."

"हे नुसतं वय नाही," ते म्हणाले. "मला स्केलेटल फ्लुरोसिस वाटतो."

म्हणजे काय, ते तुमच्यासाठी सोपं करून सांगते. खोल जमिनीतल्या खडकातून पाण्यात फ्लोराइड उतरतं. त्याला चव नाही, रंग नाही, वास नाही. वर्षानुवर्षं पोटात गेलं की ते हाडांत साचतं, सांधे आखडतात. मला कोणी मागून हाक मारली की मान वळायची नाही, मी सगळीच वळायची, बैलगाडीसारखी. त्याला मी म्हातारपण म्हणत होते.

नर्सबाईंनी कागद भरताना विचारलं, "सोबत कोण आहे?" मी मांडीवरची पिशवी दाखवली. त्या हसल्या नाहीत. मग मलाही हसू आलं नाही.

रक्त, लघवी, पुन्हा एक्स-रे. हिंगोलीच्या दवाखान्यातल्या बाकावर प्रत्येकाची चप्पल सांभाळायला कोणीतरी होतं. माझी मीच सांभाळली.

घरच्या पाण्याची बाटली तपासायला दिली, त्यात फ्लोराइड जास्त निघालं. डॉक्टर म्हणाले, "उकळल्यानं जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं." मी तर निम्मं आटवायची! पाणी कसलं, काढाच. वर दिवसभर कोरा चहा. चहाच्या पत्तीतही फ्लोराइड असतं म्हणे. पण एकट्या बाईनं दुपार कशी काढावी? कपबशी वाजली की घरात कोणी असल्यासारखं वाटतं.

आमचं गाव औंढ्याच्या अलीकडं. पूर्वी सगळ्या बाया आडावर पाणी भरायच्या. मग आमच्या ह्यांनी अंगणात बोअर घेतला, नारळ फोडला, आणि ही बया, म्हणजे मी, महाराणी झाली. ओसरीत बसून शेजारच्या जुलेखाला विचारायची, "काय गं, अजून दोर ओढून राहिलीस का?"

"ओढून राहिले ना बाई," ती म्हणायची. "तुमचं बटन, आमचे हात."

आडावर काय चाललंय, कोणाची लेक माहेरी आली, कोणाची म्हैस व्याली, ते मला कळेनासं झालं. महाराणीला त्याचं काही वाटत नव्हतं. पुढं गावाला नळ आले, तेही खोल बोअरचेच, आणि आड बुजला. हे गेले. प्रकाश, माझा मुलगा, पुण्याला गेला. मी आणि बोअर उरलो.

निदान ऐकून प्रकाश फोनवर म्हणाला, "आई, आता इकडं ये. तिथं एकटी काहून राहतेस?"

मी म्हटलं, "पाणी बदलून पाहते. पुढच्या तपासणीपर्यंत जमिनीवरून आपली आपण उठता आलं तर इथंच राहीन. न्हाई आलं, तर गाडी घेऊन ये."

त्यानं लगेच एक यंत्र पाठवलं. आत निळा दिवा लागायचा. मी दिवा पाहत पाणी प्यायची, औषध घेतल्यासारखी. डॉक्टरांनी त्यातलंही पाणी तपासायला लावलं. फ्लोराइड जसंच्या तसं. ते म्हणाले, "हा यूव्ही दिवा जंतू मारतो आजी. फ्लोराइड काही जिवंत नाही मरायला."

मग वारंगा फाट्यावरच्या एका दुकानात गेले. दुकानदारानं माझ्या पाण्यात विजेच्या दोन तारा सोडल्या आणि पाणी तपकिरी झालं. "पाहा मावशी, काय पिऊन राहिल्या तुमी!" डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की तारेचं लोखंडच पाण्यात उतरतं. मी विचारलं, "यातून फ्लोराइड निघतं का?"

"सगळंच निघतं!"

"मग पाणी तरी ठेवता का रे?"

शेवटी हिंगोलीतून आरओ घेतला. हा बारीक पडद्यातून पाणी दाबून गाळतो, फ्लोराइड अडवतो. फ्लोराइड शोषणाऱ्या दाण्यांचा, ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचाही फिल्टर मिळतो, त्याला वीज लागत नाही. पण ते दाणे वेळोवेळी धुवावे, बदलावे लागतात, आणि त्या उंच डब्यापर्यंत माझे हात वर जात नाहीत. तुम्ही घ्याल तेव्हा दुकानदाराच्या तोंडावर नको, गाळण्याआधीच्या आणि नंतरच्या पाण्याच्या तपासणीवर विश्वास ठेवा. आरओतून वाया जाणाऱ्या पाण्यात फ्लोराइड आणखी वाढलेलं असतं, ते जनावरांना पाजू नका. मी त्यानं मोरी धुते.

यंत्र स्वयंपाकघरात बसलं. मी पुन्हा महाराणी, पुन्हा दार लोटलेलं.

एका सकाळी जुलेखा दाराशी कळशी घेऊन उभी. गुडघ्यावर हात. "बाई, नळाच्या पाण्यानं नातीच्या दातांवर डाग येऊन राहिले. तिच्यापुरतं पाणी देता का?"

दोराचं मी विसरले नव्हते. तीही विसरली नसावी. मी कळशी भरून दिली आणि दुसऱ्याच दिवशी यंत्र ओसरीत बसवून घेतलं.

"आता दोर न्हाई ओढायचा," मी म्हटलं. "बटन दाब."

"मग भरेस्तोवर नुसती बसू का?"

"बस की. त्यासाठीच तर बाहेर काढलंय."

हळूहळू आणखी बाया येऊ लागल्या. कोरा चहा सुटला, दुपारी बोलायला माणसं होती. मान अजून पुरती वळत नाही. हाडात साचलेलं सगळं निघत नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. पण ठणका कमी झाला.

तपासणीचा दिवस आला आणि प्रकाश, न विचारताच, गाडी घेऊन आला. मी ओसरीत खाली बसले होते. भिंतीला हात लावला, एकदा दम घेतला आणि उठले. कोणी हात दिला नाही. जुलेखानं पुढं केलेला मी झिडकारला.

त्याचे डोळे भरले, पण आवाज कडकच. "बॅग भरली का?"

"आधी ह्या बायांच्या कळशा भरू दे," मी म्हटलं. "आणि तहान लागली असली तर जुलेखाच्या मागं नंबर लाव."