माशाबाईंची पेटी

माशाबाई बोलता बोलता मध्येच थांबत. समोरचा बघत राही आणि त्यांचा कान खिडकीतल्या पेटीकडे लागलेला असे. आत थेंब पडतोय याची खात्री पटली, की वाक्य पुढे सुरू.

नेवाशाच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवीत, मी इतिहास; माशांच्या वेडापायी मुलं त्यांना माशाबाई म्हणत. आम्ही दोघी एकाच खोलीत भाड्याने राहत होतो. प्रवरेवर बंधारे झाल्यापासून खडशी मासा अंडी घालायला वर चढू शकत नव्हता. नदीतून तो नाहीसाच होत चालला होता. त्याची अंडी प्रवासात जगवत वरच्या वाहत्या पाण्यात नेता यावीत, अशी पेटी बाईंना बनवायची होती. सुताराकडून घेतलेल्या फळ्या, वर पाणी ठिबकवायला बारीक भोकाचा तुपाचा डबा, खाली अंडी ठेवायला मच्छरदाणीच्या कापडाच्या चौकटी, भोवती ओलं गोणपाट. पेटी घेऊन एकट्या बाईला एसटीत चढता आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. किती पेट्या गळल्या, किती वेळा अंड्यांना बुरशी लागली!

खराब अंडी त्या कोंबडीच्या पिसाने बाजूला काढीत. "मेलेलं पांढरं पडतं, लगेच दिसतं," त्या म्हणत. "जिवंत असतं काचेसारखं. ते शोधावं लागतं गं."

बहात्तर साली पावसाने तोंड फिरवलं. नदीतला डोह आटत चालला. मासे धरणाऱ्या भोयांना त्यात खडशीची एक अंड्यांनी भरलेली मादी मिळाली. तिची अंडी पेटीत ठेवून आम्ही अकोल्याकडे निघालो. तिथे वरच्या अंगाला अजून पाणी वाहत होतं. स्टँडची वाट कोरड्या पात्रातून जात होती. तिथे वाळूत खणलेल्या झिऱ्याभोवती बायका वाटीवाटीने पाणी भरत होत्या. कडेवर पोर घेतलेली एक उठून आडवी आली.

"बाई, लेकरू तापानं फनफनलंय. अन् तुमी पानी मासळीला न्हेता व्हय?"

बाईंनी पेटी खाली ठेवली. वरचा डबा काढला आणि तिच्या कळशीत उपडा केला.

"ताई, थोडं तरी ठेवा," मी कुजबुजले.

"तिच्यासमोर?" त्या म्हणाल्या.

गोणपाट ओलं होतं, तेवढ्या भरवशावर आम्ही एसटीत बसलो. श्रीरामपूर मागे पडलं तेव्हाच ते कडक वाळलं होतं. संगमनेरला बाईंनी झाकण उघडलं. सगळी चौकट पांढरी. त्यांनी झाकण लावलं आणि अकोल्यापर्यंत पेटी मांडीवर धरून बसल्या. उतरल्या मात्र पेटी एसटीतच सोडून, आणि रिकाम्या हातांकडे बघत म्हणाल्या, "आता परत जायला हवं, नाही का?"

पुढच्या वर्षी नदी भरून आली. बाई रोज डोहावर जात. भोई सांगत, "बाई, दुस्काळात समदी मासळी खाल्ली लोकांनी. आता काय न्हाई हितं." एकदा मी सोबत असताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "बघ, बघ, खडशी वळली!" मला गढूळ पाण्याशिवाय काहीच दिसलं नाही. तरी मी म्हणाले, "हो, दिसली." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि दंड सोडला.

दिवाळीआधी नोकरी सोडून त्या बहिणीकडे निघून गेल्या. माझ्या पत्राला उत्तर कधी आलं नाही.

मी आता नगरला सावेडीत असते. नेवाशाकडे गेले आणि प्रवरेचा पूल आला, की खिडकीकडे सरकते. नात विचारते, "आजी, काय बघतेस?" तिला खिडकीशी घेत मी म्हणते, "शोधावं लागतं गं."