चिखलातली तांबडी रेघ

"म्याडम, हा मरायच्या आधी कुठी राहत होता?"

आरमोरीच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या एका मुलीनं मला हा प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या हातात नेरीसची बाटली होती. नेरीस म्हणजे समुद्रकाठच्या चिखलात बीळ करून राहणारा वलयी किडा. बाटलीतला आमचा नेरीस काचेच्या पट्टीला दोऱ्यानं बांधलेला, पिवळट आणि ताठ होता. मी नोकरीला लागले त्याच्याही आधीपासून तो तिथं होता.

मी पाठ असलेलं सांगितलं. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, वाळूमिश्रित चिखलात, इंग्रजी यू अक्षरासारख्या बिळात राहतो. ती मुलगी धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावची. घरी गोंडी बोलणारी, मराठी जपून बोलणारी. तिनं सगळं वहीत उतरवून घेतलं आणि मान वर करून विचारलं, "तुमी पाह्यला का म्याडम, जिता?"

"नाही," मी म्हणाले. "मी समुद्रच पाहिलेला नाही."

वर्गात कुणी हसलं नाही. त्यांच्यापैकीही कुणी पाहिला नव्हता. पण बारा वर्षं मी त्या किड्याची आकृती फळ्यावर काढत होते, प्रत्येक वलयाला दोन्ही बाजूंनी वल्ह्यासारखे पाय दाखवत होते, बाणानं नावं लिहीत होते, आणि ते पाय हलतात कसे हे मला ठाऊक नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात कोकणातल्या एका कॉलेजात प्राध्यापकांसाठी दहा दिवसांचं प्रशिक्षण निघालं. मी अर्ज केला आणि गेले. समुद्र मोठा असतो हे माहीत होतं, त्यामुळे त्याचं फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते ओहोटीचं. सकाळी जिथं पाणी होतं तिथं दुपारी मैलभर चिखल उघडा पडला होता, आणि त्या चिखलाला लाखो बारीक भोकं होती. एका भोकाच्या तोंडाशी वाकून बसले तर आतून पाण्याचा बुडबुडा आला. खाली कुणीतरी राहत होतं.

तिथं एक म्हातारी कोळीण गळाला लावायला किडे खणत होती. लोखंडी पहारीनं तिनं चिखलाचं ढेकूळ उलथलं आणि मधोमध मोडलं. आत बोटभर बीळ, आतून चकचकीत, जसं कुणी त्याला लाख लावून ठेवलं आहे. किड्यानं स्वतःच्या अंगातल्या चिकट रसानं भिंत लिंपली होती. आणि त्यात तो होता. हिरवट, तांबूस, उन्हात मोरपिसासारखा चमकणारा. पाठीवर मधोमध रक्ताची लाल नळी, ती आकुंचन पावताना दिसत होती. आणि पाय! ते एकाच वेळी हलत नव्हते. शेपटीकडून डोक्याकडे लाट जावी तसे एकामागून एक उचलले जात होते. मी बारा वर्षं काढलेल्या आकृतीत ती लाट कुठंच नव्हती.

मी बोट पुढं केलं. "हात नको घालू," म्हातारी म्हणाली, "चावता." आणि खरोखर त्यानं तोंडातून घसा बाहेर काढला, त्याच्या टोकाला काळे, आकड्यांसारखे दोन जबडे.

मी तिला सांगितलं, मला हे माझ्या गावी न्यायचेत, दीड दिवसाच्या प्रवासावर. तिला वाटलं मी तिकडं मासे धरणार आहे. "पाण्यात ठेवलंस तर एक मेला की सगळे मरतील," ती म्हणाली. "ओल्यात ठेव. गारव्यात." तिनं मला अकरा किडे ओल्या शेवाळात गुंडाळून दिले. मी समुद्राच्या पाण्याच्या दोन कॅन भरल्या आणि खताच्या पिशवीत तिथलाच चिखल.

नागपूरहून आरमोरीच्या एसटीत कंडक्टरनं ती पिशवी पाहिली. "काय आहे म्याडम याच्यात?"

"चिखल."

"कुठून आनला?"

"कोकणातून."

"काऊन? आरमोरीत चिखल नाई का?" अख्खी गाडी हसली. मीही हसले, पण आरमोरीपर्यंत पाय त्या पिशवीला लावून बसले.

अकरातले नऊ जिवंत पोचले. प्रयोगशाळेत काचेची जुनी टाकी होती, तिच्यात वीतभर चिखल घातला, वर समुद्राचं पाणी, आणि हवेचे बुडबुडे सोडणारं छोटं यंत्र. किडे सोडले तेव्हा वर्गातली सगळी मुलं टाकीभोवती होती. एकेकानं डोकं चिखलात खुपसलं आणि पाच-दहा मिनिटांत सगळे दिसेनासे झाले. ती धानोऱ्याची मुलगी काचेला नाक लावून बसली होती. तिनं मैत्रिणीला गोंडीत काहीतरी सांगितलं आणि दोघी खुदखुदल्या. काय ते मी विचारलं नाही.

पहिले तीन आठवडे छान गेले. खिडक्यांचे पडदे ओढून खोली अंधारी केली की भोकातून डोकी बाहेर येत. मिशा हलवत चाचपणी होई, माशांच्या खाद्याचा दाणा धरला जाई आणि झटकन आत. शेपूट भोकातच अडकवून ठेवलेली, म्हणजे धोका वाटला की एका हिसक्यात घरात. बाष्प होऊन पाणी कमी झालं की मुलं गाळलेलं गोडं पाणी घालत, कारण मीठ उडून जात नाही, ते टाकीतच राहतं. खारटपणा मोजायला भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं हायड्रोमीटर आम्ही मागून आणलं होतं.

मग होळीच्या सुट्टीत दोन दिवस वीज गेली. कॉलेज उघडलं तेव्हा हवेचं यंत्र बंद, दोन किडे वर मरून पडलेले आणि चिखल काळा ठिक्कर. झाकण काढलं तर कुजक्या अंड्याचा वास. मी मेलेले उचलले, यंत्र चालू केलं, थोडं पाणी बदललं. नंतरचे दहा दिवस मात्र एकही डोकं वर आलं नाही. टाकलेले दाणे जसेच्या तसे फुगून पडलेले असत. प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली होती आणि टेबल रिकामं हवं होतं. शनिवारी टाकी धुऊन टाकायची असं मी ठरवलं. वर्गाला तसं सांगितलं.

त्या शनिवारी माझे बाबा डोळे तपासायला आरमोरीत आले होते. आमचं गाव वैनगंगेच्या काठी, तिथून ते एसटीनं येत. आमच्या घरात सायन्स शिकलेली मी पहिली. बाबा चौथीपर्यंत शिकले, जन्मभर धान लावलं, आणि रविवारी विहारात वंदनेला पांढरा सदरा घालून सगळ्यांच्या आधी हजर. एका डोळ्यात औषध घातलेलं, त्यामुळे उन्हात जाववेना म्हणून ते माझ्या प्रयोगशाळेत येऊन बसले. मी बादली आणली तशी त्यांनी विचारलं, "काय करून राह्यली बाई?"

"हे किडे मेले बाबा. फेकून देते."

ते उठून टाकीजवळ आले. डोळे बारीक करून काचेवर जवळजवळ गाल टेकवला. मग म्हणाले, "सगळे नाई मेले."

"तुम्हाला कसं कळलं?"

"हे पाह्य, इथी." त्यांनी काचेवर नख ठेवलं. काळ्या चिखलात, काचेला लागून, एक बारीक तांबडी रेघ वरून खाली गेली होती. गंजासारख्या रंगाची. मी ती पाहिली नव्हती. मी फक्त वरची भोकं पाहत होते. "धानाच्या बांदीत असंच राहते," बाबा म्हणाले. बांदी म्हणजे आमच्याकडचं बांध घातलेलं भातखाचर. "रोप उपटून पाह्याचं. मूळ तांबडं असन त रोप चांगलं आहे. मूळ काळं झालं, असा वास आला, त समजाचं आता जाते. चिखल काळा अन् मूळ लाल, मंजे मूळ जितं आहे. इथी तीन रेघा लाल आहेत. तीन जिते आहेत."

मला पुस्तकातलं वाक्य आठवलं आणि ते पहिल्यांदा समजलं. बिळातला किडा अंग नागमोडी हलवून वरचं ताजं पाणी आत ओढत राहतो. त्या पाण्यातला प्राणवायू बिळाच्या भिंतीतून चिखलात जातो आणि चिखलातलं लोह गंजून तांबडं होतं. धानाची मुळंही पोकळ देठातून खाली आलेली हवा चिखलात सोडतात. समुद्रातला किडा आणि बाबांचं धान, दोघं एकाच प्रकारच्या गुदमरलेल्या मातीत स्वतःपुरती हवा करून राहत होते. मी दोन्ही गोष्टी शिकले होते. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या परीक्षांसाठी.

खात्री करायला म्हणून चहावाल्याकडून कपात थोडं दूध आणलं. पिचकारीनं एक थेंब, तांबड्या रेघेच्या वरच्या भोकाशी अलगद सोडला. तो पसरला नाही. पांढऱ्या दोऱ्यासारखा लांब झाला आणि भोकात ओढला गेला. पलीकडच्या भोकातून थोड्या वेळानं फिकट धूर निघाला. बाबांनी पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "बांदी अशी काळी झाली त आमी काय करतो, माहीत आहे ना?"

"पाणी काढता."

"मंग? दोन दिवस पाणी काढून दे. चिखलाले हवा लागू दे."

माझ्या डोळ्यांपुढे तो मैलभर उघडा पडलेला किनारा आला. मी समुद्राचं पाणी आणलं होतं, चिखल आणला होता, किडे आणले होते. ओहोटी आणायची राहिली होती.

दोन दिवस नाही, पण रोज चार तास. सोमवारपासून प्रयोगशाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात वेळापत्रक लागलं: ओहोटी सकाळी नऊ, भरती दुपारी एक. मुलं पाळीनं रबरी नळी लावून पाणी बादलीत काढत, दुपारी परत सोडत. समुद्रापासून इतक्या लांब, परीक्षेच्या धामधुमीत, आमच्या आरमोरीत रोज भरती येऊ लागली. टेबल मी दिलं नाही. परीक्षकांना म्हटलं, हेच माझं प्रात्यक्षिक.

आठवड्याभरानं चिखलाचा वरचा थर तपकिरी झाला आणि वास गेला. मग एका भरतीला पडदे ओढलेले असताना भोकातून मिशा बाहेर आल्या. धानोऱ्याची ती मुलगी पाळीवर होती. तिनं कुणाला हाक मारली नाही. हळूच माझा पदर ओढला आणि बोट दाखवलं. किडा अर्धा बाहेर आला, दाणा उचलला, थांबला. त्याच्या अंगावरून ती पायांची लाट गेली. तिनं वही उघडली आणि आकृती काढायला घेतली. पाय सगळे वेगवेगळ्या कोनात, काही उचललेले, काही टेकलेले. अशी आकृती मला कधी जमली नव्हती.

दुसऱ्या एका किड्याची शेपूट प्रवासात तुटली होती. मे महिन्यात तो काचेजवळ आला तेव्हा तुटल्या जागेपासून नवी, फिकट, बारीक वलयं फुटलेली दिसली. उन्हाळ्यात प्रयोगशाळेचा शिपाई टाकीवर ओलं पोतं टाकून ठेवी आणि मी रोज सकाळी जात असे. तिन्ही किड्यांनी तो उन्हाळा काढला.

ऑगस्टमध्ये मी वर्गाला बाबांच्या बांदीत नेलं. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उभं राहून शिकवायला सुरुवात केली. सुरुवातीला त्यांचा आवाज लागेना. कॉलेजच्या पोरांना मी काय सांगू, असं मला घरी दोनदा म्हणाले होते. पण हातात रोप आल्यावर ते मोकळे झाले. मुळं पाण्यात खळाळून धुतली, तळहातावर पसरली आणि पांढरं मूळ कोणतं, तांबडं कोणतं, काळं कोणतं, एकेकाला दाखवलं. मुलं वाकून पाहत होती, प्रश्न विचारत होती आणि ते प्रत्येकाला "बरोबर इचारलं" म्हणत होते. मी बांधावर बसून ऐकलं. त्या दिवशी मला काही शिकवायचं नव्हतं.

तास संपल्यावर मुलं हात धुवायला नाल्याकडे निघाली. बाबांनी त्यांना थांबवलं.

"उपटले तितके लावून द्या अन् मंग जा."

सगळे परत चिखलात उतरले. बाबा पुढं झाले आणि अंगठ्यानं रोप किती खोल दाबायचं ते दाखवू लागले.